तीस थाऊची ताकद

पिस्टनच्या डोक्यावर ०३० असा आकडा ठोकलेला असतो. हा पिस्टन मूळ मापापेक्षा तीस थाऊनं मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ. इंचाचे हजार भाग केले की त्यातला एक थाऊ. तीस थाऊ म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर. कराड, इस्लामपूर, तासगाव, विटा या भागातल्या गॅरेजांत पावसाळ्यात खोललेली ट्रॅक्टरची इंजिनं मांडून ठेवलेली असतात, कारण दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांची धुराडी पेटली की मग कुणाला सवड नसते. शेजारच्या बाकड्यावर मालक बसलेला असतो आणि त्याची फर्माईश ठरलेली असते : “मेस्त्री, ओव्हरसाइज टाका. दोन ट्रॉल्या घिऊन चढ वढाय पायजे.”

मेस्त्री मान हलवतो. इंजिन बांधून होतं, हंगाम लागतो आणि खरंच, ज्या चढाला पूर्वी गिअर खाली टाकावा लागायचा तिथं ट्रॅक्टर न कुरकुरता वर जातो. मालक गावभर सांगतो, मोठं पिस्टन टाकलं म्हणून ताकद वाढली.

कागदावर हिशेब मांडला की मात्र गंमत होते. जुन्या मॅसी फर्ग्युसनमधलं तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन घेऊ. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ९१.४४ मिलिमीटर; पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, १२७ मिलिमीटर. तिन्ही सिलिंडर मिळून अडीच लिटर. बोअर तीस थाऊनं वाढवला की तो ९२.२ होतो. ताकदीचा संबंध व्यासाशी नाही, व्यासाच्या वर्गाशी, कारण जळलेला वायू ढकलतो तो पिस्टनच्या पृष्ठभागाला. तो वर्ग काढून पाहिला तरी क्षेत्रफळातली वाढ भरते फक्त १.७ टक्के. पस्तीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला यातून मिळाला तर अर्धा घोडा जास्त मिळेल. अर्ध्या घोड्यानं उसाच्या दोन ट्रॉल्या चढ चढत नाहीत.

तरी चढल्या. मालक खोटं बोलत नाही आणि गणितही चुकलेलं नाही. मग ही ताकद आली कुठून?

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. आत घेतलेली हवा पिस्टन वर येताना तिच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबतो, तेवढ्यानंच ती ५००-६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि मग नोझलमधून उडालेलं डिझेल तिला भेटताच आपोआप पेटतं. सायकलमध्ये जोरात हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, तोच हा प्रकार. त्याच पंपाचा वायसर सैल झाला तर आपण कितीही दांडा मारला तरी हवा बाजूनं निसटते आणि पंप गारच राहतो. इंजिनात वायसरचं काम करतात पिस्टनच्या रिंगा. त्या आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये फट पडली की हवा पुरती दाबली जात नाही, पुरती तापत नाही, डिझेल उशिरा आणि अर्धवट जळतं. जे जळतं त्याचा दाबही खाली क्रँककेसमध्ये निसटतो. ब्रीदरच्या नळीतून भकाभका निघणारा धूर म्हणजे चाकाकडे जायला हवी होती ती ताकद.

असा ट्रॅक्टर ओळखायला यंत्र लागत नाही. तो रात्री कायम उतारावर लावलेला असतो. सकाळच्या गारठ्यात स्टार्टर इंजिन हळू फिरवतो, हळू फिरताना हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो आणि ती पेट घेण्याइतकी तापतच नाही. उतारावरून ढकलून गिअरमध्ये टाकला की मात्र भसकन चालू होतो.

आता त्या फटीकडे जरा जवळून पाहू. हेड काढलेल्या ब्लॉकमध्ये मेस्त्री बोट घालतो आणि सिलिंडरच्या वरच्या काठाखाली नख फिरवतो. नख एका जागी अडकतं. तिथं एक बारीक कंगोरा तयार झालेला असतो. सर्वांत वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथवर भिंत झिजली, त्याच्या वरचा पट्टा रिंगेनं कधी शिवलाच नाही म्हणून तो मूळ मापाचा राहिला. दोहोंच्या सीमेवरचा हा कंगोरा. तो हाताला लागला की कारखान्यातून निघालेला सिलिंडर आणि आजचा सिलिंडर एकाच बोटाखाली असतात. मला या कामातली ही सर्वांत विलक्षण जागा वाटते.

झीज सर्वांत जास्त होते ती या कंगोऱ्याच्या लगेच खाली, आणि त्याचं कारण पिस्टनच्या चालीत आहे. २,००० फेऱ्यांना या इंजिनातला पिस्टन सरासरी ताशी तीस किलोमीटरच्या वेगानं धावतो, पण वरच्या आणि खालच्या टोकाला तो क्षणभर चक्क थांबतो. धावत्या रिंगेखाली तेलाचा पातळ थर टिकून राहतो, थांबलेल्या रिंगेखालचा थर फाटतो. आणि रिंग वरच्या टोकाला थांबते नेमक्या त्याच क्षणी डिझेल पेटतं. दाब बाहेरच्या हवेच्या साठेक पट होतो. एका पिस्टनच्या डोक्यावर सुमारे चार टन भार पडतो. तिन्ही सिलिंडर मिळून असे सेकंदाला पन्नास घाव. तेल नाही, आग आहे आणि रिंग भिंतीवर दाबलेली आहे, अशा ठिकाणी बीड तरी किती काळ टिकणार?

शिवाय सिलिंडर सगळीकडून सारखा झिजत नाही. कनेक्टिंग रॉड खाली येताना तिरका असतो, त्यामुळे पिस्टन खाली ढकलला जातोच, पण एका बाजूच्या भिंतीवरही रेटला जातो. वर्षानुवर्षं हा रेटा क्रँकच्या आडव्या दिशेनं बसत राहतो आणि गोल भोक अंडाकार होतं. रिंग गोल, भोक अंडाकार. मग फट राहणारच. नुसत्या नव्या रिंगा टाकून इंजिन ‘काढण्याचा’ स्वस्त उपाय म्हणूनच फार दिवस पुरत नाही.

या सगळ्यात भर घालतो आपल्याकडचा फुफाटा. उसाच्या फडातून गाडीवाटेनं निघालेला ट्रॅक्टर स्वतःच उडवलेली धूळ पुन्हा नाकातून ओढतो. जुन्या ट्रॅक्टरांच्या एअर क्लीनरला खाली तेलाचं भांडं असतं, त्यात धूळ अडकून चिखल साचतो; तो वेळच्या वेळी काढला नाही किंवा क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज एके ठिकाणी जरी चिरला, तरी धूळ तेलात मिसळते आणि तेलाची घासपेस्ट होते. नव्या बोअरचं इंजिन एका हंगामात धुरावर येण्यामागे बहुतेकदा एवढंसंच कारण निघतं, आणि शिव्या मात्र पिस्टनच्या कंपनीला बसतात.

तर ओव्हरसाइजचं खरं काम हे : अंडाकार झालेलं भोक पुन्हा गोल करायचं. गोल करायचं तर सर्वांत झिजलेल्या जागेच्याही थोडं पुढं जावं लागतं, म्हणजे भोक मोठं होणार, म्हणून पिस्टन मोठा. दहा थाऊत भागलं तर दहा, नाही भागलं तर वीस, तीस, चाळीस. थोरला आकडा दिसला म्हणून खूश होणारा मालक खरं तर आपलं इंजिन किती झिजलं होतं त्याची पावती पाहत असतो. चढावर मिळाली ती ताकद नवी नव्हतीच. ती इंजिनाची स्वतःची होती, हळूहळू गळत गेलेली. गळती इतकी सावकाश होत गेली की रोज चालवणाऱ्यालाही ती कळली नाही.

बोअरिंगच्या कामाला लागलं की आणखी एक उलटापालट दिसते. भोक काटेकोर गोल हवं, पण त्यात बसणारा पिस्टन गोल नसतो. नवाकोरा पिस्टन हातात घेऊन मायक्रोमीटर लावला तर तो गजन पिनच्या, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या, दिशेनं किंचित अरुंद आणि आडव्या दिशेनं रुंद भरतो. वरच्या बाजूला तो खालच्यापेक्षा बारीकही असतो. ही चूक नाही. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा, आणि तेवढ्याच उष्णतेनं अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. नव्वद मिलिमीटरचा पिस्टन दोनशे अंशांनी तापला तर एक तृतीयांश मिलिमीटरहून जास्त वाढतो. डोकं आगीच्या तोंडाशी असल्यानं ते जास्त फुगतं आणि पिनच्या बाजूला धातू जाड असल्यानं फुगवटा त्या दिशेला जास्त होतो. हा सगळा फुगवटा आधीच धरून त्याला थंडपणी वेडावाकडा घडवलेला असतो, आणि इंजिन कामाला लागून तापलं की तो आपल्या नेमक्या आकाराला येतो. म्हणूनच बोअर करणारा कारागीर पिस्टन समोर ठेवून घेतल्याशिवाय मशिनला हात लावत नाही. तो पिस्टन कुठं मोजायचा हे त्याला ठाऊक असतं. डोक्यापाशी मोजून बोअर केला तर पिस्टन तापल्यावर जाम होईल.

बोअरिंगनंतर होनिंग. लांब दगड लावलेलं हत्यार सिलिंडरमध्ये फिरतं आणि वर-खालीही होतं, त्यामुळे भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा उमटतात. आरशासारखा लख्ख बोअर पाहून मालकाला बरं वाटेल, पण तसा बोअर वाईट. गुळगुळीत भिंतीवर तेल थांबत नाही. या रेघा तेल धरून ठेवतात, आणि त्यांच्या बारीक कडा सुरुवातीच्या काही तासांत नव्या रिंगेला घासून भिंतीशी जुळवून घेतात. नंतर बोअर धुवायचा तोही साबणाच्या गरम पाण्यानं. डिझेलनं पुसला तर दगडाची पूड रेघांतच बसून राहते. पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत धुणारा मेस्त्री भेटला तर मजुरीवरून घासाघीस करू नये.

रिंगांचं तोंड मोजण्याचं कामही असंच. रिंग रिकाम्या बोअरमध्ये सरकवायची आणि तिच्या दोन टोकांत फिलर गेज घालून पाहायचं. बोअरच्या दर इंचामागे तीन-चार थाऊ मोकळं तोंड लागतं. कमी ठेवलं तर तापल्यावर टोकं एकमेकांवर आदळतात आणि रिंग मोडते. या मोकळ्या तोंडाच्या रिंगेची कल्पना जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे इंजिनिअरची, १८५२ सालची. आजच्या रिंगेतली खुबी अशी की तिचा स्वतःचा ताण अगदी थोडा असतो. जळणारा वायू खाचेत तिच्या मागं शिरतो आणि तोच तिला भिंतीवर दाबतो. स्फोट जेवढा मोठा तेवढं दार घट्ट. त्याच्याही आधी, १७७५च्या सुमारास, जॉन विल्किन्सननं तोफा पोखरण्याच्या कसबातून सिलिंडर पोखरण्याचं यंत्र उभं केलं. जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन तोवर कागदावर सुंदर आणि प्रत्यक्षात गळकं होतं. विल्किन्सनच्या पन्नास इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढीही चूक नाही, अशी तारीफ वॉटचा भागीदार बोल्टननं केली. आज सांगलीतला कारागीर शंभरांश मिलिमीटरवरून मदतनिसाला बोल लावतो.

सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत हे कसब आकाशातून पडलेलं नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर, कुंडलजवळ, कारखाना उभा केला. तेव्हा ती जागा निवडुंगाची आणि सापांची म्हणून ओळखली जायची, आज ती सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. नांगर लोखंडाचा असला तर जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी लोखंडी नांगर विकले. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२०च्या दशकात तशीच नांगरापासून सुरुवात केली आणि पुढच्या दशकाच्या आरंभी डिझेल इंजिन बनवलं. भारतात तयार झालेलं पहिलं डिझेल इंजिन म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, साडेतीन महिन्यांसाठी. काँग्रेसनं पद घेतल्यावर बाळासाहेब खेर आले. कूपर इंजिनिअरिंग पुढं वालचंद समूहाकडे गेली. कूपर घराण्याच्या नावानं साताऱ्यात आजही इंजिनं बनतात, आणि त्याहून आपल्या विषयाच्या जवळचं म्हणजे सिलिंडर लायनर बनतात, जे दूरदेशीच्या इंजिनांतही बसतात. आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी संस्था काढल्या, कारखाने काढले, पण मुख्यमंत्र्याच्या दर्जाच्या माणसाचं नाव सिलिंडरच्या आतल्या भिंतीशी जोडलं जावं असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

मग बोअर मोठा करून खरोखर ताकद वाढते का? वाढते, पण तीस थाऊनं नव्हे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या दोन जुन्या, एक सिलिंडरच्या इंजिनांकडे पाहा : एव्ही-१ आणि टीव्ही-१. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत करंजाच्या, जट्रोफाच्या तेलावरचे कित्येक प्रयोग यांच्याच जिवावर झाले. दोघांचा स्ट्रोक ११० मिलिमीटर, दोघांच्या फेऱ्या १,५००. एव्ही-१चा बोअर ८०, ताकद पाच हॉर्सपॉवर. टीव्ही-१चा बोअर ८७.५, ताकद सात. व्यास साडेसात मिलिमीटरनं वाढला, क्षेत्रफळ वीस टक्क्यांनी वाढलं आणि ताकद चाळीस टक्क्यांनी. म्हणजे निम्मी वाढ बोअरची. उरलेली निम्मी हवा जास्त आवळल्यामुळे आणि प्रत्येक लिटर हवेमागे जास्त डिझेल नीट जाळल्यामुळे. या साडेसात मिलिमीटरशेजारी गॅरेजातले तीस थाऊ ठेवून पाहिले म्हणजे पुरे.

ट्रॅक्टरच्या जगात याचं सर्वांत मजेशीर उदाहरण कव्हेंट्रीत घडलं. तिथं बनणाऱ्या करड्या रंगाच्या छोट्या फर्ग्युसनमध्ये स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन बसत असे. स्ट्रोक ९२ मिलिमीटर आणि बोअर आधी ८०, नंतर ८५. याच्या स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत होणाऱ्या नळ्या किंवा लायनर, ओल्या होत्या; म्हणजे बाहेरून पाण्याशी थेट भिडलेल्या आणि उपसून काढता येणाऱ्या. ब्लॉकला धक्का न लावता वेगळ्या व्यासाची स्लीव्ह घातली की इंजिनाचं माप बदललं. याच घराण्यातलं इंजिन ८३च्या बोअरनं ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारमध्ये गेलं, कारण तेवढ्यानं ते १,९९१ सीसी भरून दोन लिटरच्या वर्गात शर्यतीला बसत होतं. टीआर-४मध्ये ते ८६ झालं, आणि हौशी लोक ८७चे जोडही बसवतात. नांगर ओढणारं इंजिन शर्यती धावलं ते या सुट्या स्लीव्हच्या जोरावर. आपल्याकडच्या जत्रेत ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी चालवण्याच्या स्पर्धा लागतात, त्या पाहताना मला ट्रायम्फवाल्यांची आठवण होते. हौस तीच; तिकडे पुढे जायचं, इकडे मागे.

कोरड्या स्लीव्हच्या इंजिनांना एवढी मोकळीक नाही. तिथं स्लीव्ह ब्लॉकच्या पोटात दाबून बसवलेली असते आणि मोठं करायचं ते तिलाच पोखरून. जास्त पोखरलं की भिंत पातळ होते, तापून वाकते आणि पुन्हा अंडाकार. मोठा पिस्टन जड असला तर तिन्ही पिस्टन काट्यावर वजन करून घ्यावे लागतात, नाहीतर इंजिन थरथरतं. क्रँकच्या बुशी, हेडचे बोल्ट, रेडिएटर, सगळं मूळ भारासाठी केलेलं असतं. घाव वाढला की आधी गॅस्केट फुंकतं.

एवढं होऊनही मालकाचं समाधान झालं नाही तर तो डिझेलच्या पंपाकडे बोट दाखवतो. “जरा डिझेल वाढवा की.” डिझेल इंजिनात ताकदीची चावी खरोखर तिथंच आहे. हवा आत येते तेवढीच येते, किती डिझेल उडवायचं ते पंप ठरवतो. म्हणून तर त्याचा स्क्रू शिसं लावून सीलबंद करतात. सील तोडून स्क्रू फिरवला की ट्रॅक्टर खरंच उसळतो, आणि सायलेन्सरमधून काळा लोट निघतो, ज्याकडे पाहून पोरं शिट्ट्या मारतात. निळा धूर दिसला तर तेल जळतंय, थंडीत पांढरा दिसला तर डिझेल न पेटताच बाहेर पडतंय, आणि काळा म्हणजे हवेला पुरून उरलेलं डिझेल काजळी होऊन चाललंय. ते पैसे देऊन घेतलेलं असतं. पिस्टनचं डोकं त्याच्या सोसण्यापलीकडे तापतं आणि एखाद्या हंगामात अॅल्युमिनियम वितळून मध्यभागी भोक पडलेला पिस्टन गॅरेजच्या फळीवर शोभेला येतो.

ज्याचं चाळीस थाऊही संपलं त्याला पुढं पिस्टन मिळत नाही. तेव्हा जुनी स्लीव्ह प्रेसवर दाबून बाहेर काढतात, नवी बसवतात, होन करतात आणि तिच्यात पुन्हा पहिल्या मापाचा, डोक्यावर थाऊचा एकही आकडा नसलेला पिस्टन घालतात. कागदोपत्री हे इंजिन आता पूर्वीपेक्षा लहान झालेलं असतं, आणि तरी चढावर ते झिजलेल्या चाळीस थाऊवाल्याला मागं टाकतं. ब्लॉकला तडा गेला नाही आणि होज चिरला नाही तर पुढची कितीतरी वर्षं त्याचं काम काढावं लागत नाही.